मधे कुणीतरी

“घरी येणारं-जाणारं कुणी? नीट आठवून सांगा,” लॅबच्या डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं.

तिने पुन्हा आठवून पाहिलं. येणारं-जाणारं कोण असणार? ती, ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलेला नवरा, आणि समोर पलंगावर नाकाला ऑक्सिजनची नळी लावून झोपलेली तीन वर्षांची लेक, चिमणी. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला जायची, तेवढा वेळ चिमणी पाळणाघरात. संध्याकाळी दोघी घरी. त्यापलीकडे कुणी नाही.

“पाळणाघरात मी चौकशी केली,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिथलं एकही मूल आजारी नाही. सांभाळणाऱ्या मावशीही ठणठणीत आहेत.”

“मग झाली असेल अशीच. पोरांना सर्दी व्हायला काय लागतं?”

“सर्दी आभाळातून पडत नाही, ताई.”

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं आणि सांगायला घेतलं. दम लागून हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नाकातला नमुना त्या घेत होत्या आणि त्यातल्या विषाणूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचून काढत होत्या. विषाणू माणसामाणसांतून फिरताना स्वतःची नक्कल करत जातो, आणि नक्कल करताना कुठेतरी चुकतोच. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन मुलांचे विषाणूही सहसा थोडे वेगळे निघतात. चिमणीचा मात्र वरच्या मजल्यावरच्या एका मुलाच्या विषाणूशी तंतोतंत जुळला होता. हजारो अक्षरांत एकाचाही फरक नव्हता.

“इथेच लागला असेल मग. हॉस्पिटलात.”

“दोघंही घरूनच आजारी होऊन आली. आणि घरं शहराच्या दोन टोकांना. म्हणजे मधे कुणीतरी माणूस आहे. त्याला कदाचित साधा खोकलाच असेल. पण तो सापडला नाही, तर आणखी मुलं आजारी पडतील.”

“कोण आहे तो वरचा मुलगा?”

“नाव नाही सांगता येणार मला,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि उठल्या.

तिचं डोकं भंजाळून गेलं. शेजारीण? पण ती महिनाभर गावाला आहे. बसमधलं कुणी? कारखान्यातलं? की आपणच? आपल्याला तर साधी शिंकही आली नव्हती. चिमणीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दोष कुणाला द्यायचा तेच कळेना, म्हणून ती सगळ्यांनाच देऊन बसली.

सिस्टरला चिमणीकडे बघायला सांगून ती औषधं आणायला गेली. खिडकीशी रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि तिच्या हातातली चिठ्ठी गळून पडली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती आपल्या भावाला बघत होती. कानशिलं पांढरी झाली होती त्याची.

“तू इथे?” तो म्हणाला.

“लेक आजारी आहे. आणि तू, दादा?”

“पोराला न्यूमोनिया झालाय. वरच्या मजल्यावर आहे.”

“लॅबच्या डॉक्टरबाई भेटल्या तुला?”

“दोनदा. म्हणे, खालच्या मजल्यावर एक मुलगी आहे, तिच्याशी तुमच्या मुलाचा कुठे संबंध आला का. मी म्हटलं, कोण मुलगी, कुठली... तुझी लेक होय ती?”

मागचा माणूस खाकरला, तेव्हा दोघं रांगेतून बाजूला झाले.

“वहिनी आली होती का आमच्याकडे कधी?” तिने विचारलं.

“कशी येईल? तुझं घर कुठे आहे, हे तरी आम्हाला कुठे ठाऊक होतं?”

“घरात आणखी कुणाला बरं नाहीये?”

“बाबांना खोकला आहे. पोराला त्यांच्याकडूनच लागला असणार. पण बाबा...”

पुढचं तिला ठाऊक होतं. बाबांची हयात जमीनमोजणीच्या खात्यात गेली होती. एकदा आखलेली हद्द हलवायची नाही, हा त्यांचा खाक्या. ट्रकवाल्याशी लग्न करते म्हटल्यावर त्यांनी एक घाव दोन तुकडे केले होते. “या घराला मुलगी नव्हतीच,” म्हणाले होते. चिमणी झाली तेव्हा तिने फोन करून पत्ताही सांगितला, तर नुसतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

“अजून तुझं नाव निघालं, की ते ताटावरून उठतात,” भाऊ म्हणाला.

मग कोण? तिला काहीच उमगेना. एवढं मात्र कळत होतं, की वर तिचा भाचा आहे आणि तिने त्याला कधी पाहिलेलंही नाही.

“मला बघू दे त्याला. काचेतून बघेन.”

“बाबा वरच बसलेत.”

“बसू देत.”

औषधं घ्यायला भाऊ खालीच थांबला. ती एकटी जिना चढली. खोलीबाहेरच्या बाकावर बाबा होते. खोकल्यामुळे त्यांना आत सोडत नव्हते, तोंडावर मास्क होता. केवढे वाळले होते. त्यांच्याकडे न बघता सरळ पुढे जायचं, हे तिने पायऱ्या चढतानाच ठरवलं होतं. ते आता पाठ फिरवणार, हेही तिला ठाऊक होतं.

बाबा भिंतीला धरून उठले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे, खाली, तिच्या गुडघ्यांच्या उंचीला पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

“चार दिवस झाले, चिमणी पाळणाघराच्या फाटकाशी येत नाही. बरी आहे ना गं ती?”