लाईव्ह नमन

अंगणात रिकाम्या खुर्च्या. संकासुराच्या सोंगाची काळी टोपी. खुर्च्यांमागे बांबूला बांधलेला मोबाईल.

देवरूखजवळच्या वाडीत शिमग्याच्या नमनाचा खेळ सुरू होणार, इतक्यात मृदंगवाल्या केरूला मुलाचा मुंबईहून फोन आला.

"बाबा, लाईव्ह झकास दिसतंय! माणसं पण केवढी जमलीत!"

"मस्करी करतोस काय रं रितेश? हितं कुत्रं नाय."

"अवो, सगळ्या खुर्च्या भरल्यात. पुढं निळा शर्ट कोण?"

केरूने जाऊन बांबूवरच्या मोबाईलमध्ये पाहिलं. खुर्च्या भरलेल्या होत्या. पहिल्या रांगेतला निळा शर्ट हळूच मागे वळला. चेहरा रितेशचा होता.

"तू कुठं हायस?"

"खोलीवर. का वो?"

मोबाईलमधल्या रितेशचे ओठ हलले नव्हते.

लाईव्हची कल्पना केरूचीच होती, मुंबईतल्या पोरांना गावी यायला रजा काढावी लागू नये म्हणून.