निर्वेध ताबा

दुपारपर्यंत जागा रिकामी व्हायला हवी होती आणि म्हातारा अजून चहाच करत होता.

पंपघर बंद पडून बरीच वर्षं झाली होती. शहराला आता धरणाचं पाणी यायचं. पंप भंगारात गेले, पाइप चोरीला गेले, उरला तो पंपचालक. निवृत्त झाल्यावर त्याला कोणी जा म्हटलं नाही, म्हणून तो पंपघरामागच्या खोलीत राहिला. मग नगरपालिकेच्या सभेने ही जागा अतिरिक्त ठरवली, लिलाव झाला, आणि सगळ्यांना एकदम त्याची आठवण झाली. घेणाऱ्याला निर्वेध ताबा हवा होता. म्हणजे जागेवर झुडूप चालेल, माणूस चालणार नाही.

मालमत्ता अधिकारी कारकुनाला घेऊन आला होता. दार अडकलं होतं. अधिकाऱ्याने ते जरा वर उचलून ढकललं. आत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक डुगडुगणारं स्टूल. स्टुलाच्या आखूड पायाखाली आपला बूट सारून तो त्यावर बसला.

"या साहेब," म्हातारा म्हणाला आणि चहा पुढे केला.

"साहेबांना साखर चालत नाही," कारकून घाईने म्हणाला.

"घातलेलीच नाही. खुर्चीवर बसणाऱ्या माणसांना हा आजार असतोच."

कारकून हसला. त्याला म्हातारा आवडला. भांडणारं गिऱ्हाईक असेल म्हणून तो सकाळपासून धास्तावला होता.

"आजोबा, तुमचं एक बरं आहे," तो म्हणाला. "मागच्या साहेबांचा मेहुणाच निघाला होता अशा एका जागेवर. नातलग म्हटल्यावर साहेबांकडून काम काढून घेतलं आणि हातातोंडाशी आलेली बढतीही गेली. तुम्ही ना कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"हो ना," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात इस्त्रीवाली दारात आली. तिची गाडी पंपघराच्या भिंतीला लागून उभी असायची. गाडीवर निखारे तसेच सोडून ती आली होती.

"आजोबा, सही केलीत?"

"करतोय."

"करू नका. मी वकिलांचे कपडे करते, त्यांना विचारलंय. इतकी वर्षं राहिलेल्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय जागा विकता येत नाही. तुम्ही नुसतं नाही म्हणा. सगळं थांबतंय की नाही बघा."

"बाई, तुम्ही कपडे बघा, जळतील तिकडे," कारकून म्हणाला.

म्हाताऱ्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं. "खरं आहे का साहेब?"

"खरं आहे," अधिकारी म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात, तर मी परत जाईन."

कारकुनाने कप खाली ठेवला. वरून दट्ट्या असताना साहेब असं बोलतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"परत गेलात, तर तुमचं काय होईल?"

"माझं मी बघेन."

म्हाताऱ्याला इथून जायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. खोलीभर त्याची नजर फिरत होती.

"नको," तो शेवटी म्हणाला. "उगाच कशाला."

"अहो, पण जाणार कुठे?" इस्त्रीवालीने विचारलं.

"निवाऱ्यात. नगरपालिकेच्याच. साहेबांनी खिडकीजवळची खाट धरून ठेवलीय."

"तिथे ज्यांचं कोणी नाही त्यांनाच घेतात."

"माहीत आहे."

"आणि तुमचा मुलगा? त्याच्या शिक्षणासाठी हाडाची काडं केलीत ना? मी इथे गाडी लावायला लागले, तेव्हापासून तो एकदाही फिरकलेला बघितला नाही मी." ती अधिकाऱ्याकडे वळली. "असल्या पोरापेक्षा तुम्ही परके बरे, साहेब. निदान खाट तरी बघितलीत."

अधिकाऱ्याने मान खाली घालून पेनाचं टोपण काढलं.

"निवाऱ्यासाठी विचारावं लागतं," तो म्हणाला. "जवळचं कोणी?"

"कोणी नाही."

पेन हलला नाही.

"लिहा साहेब," म्हातारा मऊपणे म्हणाला. "निवाऱ्याची गाडी खोळंबलीय."

मग सही झाली. म्हाताऱ्याने स्टोव्ह इस्त्रीवालीला दिला. तिने तो घेतला खरा, पण तिला रडू आवरेना. एक गाठोडं घेऊन म्हातारा निवाऱ्याच्या गाडीत चढला आणि काचेतून अधिकाऱ्याला म्हणाला, "वेळेवर जेवत जा. या आजारात उपाशी राहू नये."

"हो," अधिकारी म्हणाला.

गाडी वळणाआड गेली. "सुंठीवाचून खोकला गेला, साहेब," कारकून म्हणाला. "मला वाटलं होतं, पोलीस बोलवावे लागतील." मग तो घेणाऱ्याला कळवायला पुढे निघून गेला.

अधिकाऱ्याने दार वर उचलून लावलं, कुलूप घातलं आणि सील ठोकलं. आवारात आता खरंच कोणी नव्हतं. जीपमध्ये बसल्यावर बायकोचा फोन आला.

"झालं?"

"झालं."

"कोणाला काही कळलं नाही ना?"

"नाही."



"तुझे बाबा काही बोलले का रे?"