मागे सरकलेली सीट

साथ आली, माल थांबला आणि मालकाने मला घरी बसवलं. "भाडी सुरू झाली की पहिला फोन तुला," म्हणाला. ट्रकची चावी माझ्याकडेच राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून मी दर सोमवारी दुपारी यार्डात जायचो.

"माझ्या माहेरी कधी इतक्या हौसेने आला नाहीत," बायको म्हणाली.

तिसऱ्या सोमवारी ड्रायव्हरची सीट चार बोटं मागे सरकलेली होती आणि किलोमीटरचा आकडा चारशेने वाढलेला. माझा जळफळाट झाला.

"माझ्या जागी दुसरा ठेवला ना?" मी वॉचमनला विचारलं.

"दादा, टायरवरचं कोळ्याचं जाळं बघा. गाडी इंचभर हललेली नाही."

पुढच्या सोमवारी सीट वीतभर मागे होती, त्यानंतर हातभर. एवढ्या लांब पायांचा माणूस मी पाहिला नव्हता. पण त्याला काम होतं आणि मला नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं.

आज मी सीट न सरकवता तसाच बसलो. पाय क्लचपर्यंत पोचेनात.

"कोण आहेस रे तू?"

क्लच सावकाश खाली गेला. ज्या गिअरला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या, तो लोण्यासारखा पडला.