रविवारचे दोन वाडगे

"आंटी, बॉडी तुम्हाला देता येणार नाही," शवागाराचा कारकून खिडकीतून म्हणाला. "सरकारच्या इस्लामी धर्मखात्याने थांबवलीय."

"धर्मखात्याचा काय संबंध?"

"तुमचे मिस्टर मुसलमान होते म्हणे. आठ वर्षांपूर्वी झाले. आता दफन तेच करणार, त्यांच्या कब्रस्तानात."

सिऊ खिम बाकावर बसली. तिचा नवरा, घड्याळजी बून कियात, काल पहाटे झोपेतच गेला होता. घरी शवपेटी येऊन पडली होती, परलोकात त्याला मिळावं म्हणून जाळायचं कागदी घर आणि कागदी मोटारसुद्धा आली होती. टेकडीवरच्या चिनी स्मशानात तर जोडथडगं वीस वर्षांपासून तयार होतं. दोघांनी मिळून पसंत केलेलं. दगडावर दोघांची नावं लाल रंगात कोरलेली. जो आधी जाईल त्याचं नाव सोनेरी करायचं, मागे राहिलेल्याचं तसंच लाल ठेवायचं. पण मुसलमानाला तिथे जागा नव्हती. तो कब्रस्तानात गेला, तर त्या दोघांच्या थडग्यात ती एकटीच पडून राहणार होती. कायमची. मूलबाळही नव्हतं.

वकील पुष्पलीला वयाने लहान, पण जिभेने तिखट होती. तिने कागद काढायच्या आधी विचारलं, "आंटी, खरं सांगा हं. काका कधी धर्म बदलायचं बोलले होते?"

"सेहेचाळीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी," सिऊ खिम म्हणाली. "मला ठाऊक नसेल असं काही असेल का त्यांचं?"

"बस्स. हेच हवं होतं." पुष्पलीलाने पेन उघडलं. "मलेशियात दोन दारं आहेत. मुसलमान कोण, हे शरियत न्यायालय ठरवतं. आणि तुम्ही मुसलमान नाही म्हणून तिथे तुमचं कुणी ऐकत नाही. तेव्हा आधी हायकोर्ट."

हायकोर्टाने एका सकाळीत हात झटकले. हा प्रश्न आपल्या अखत्यारीत नाही, शरियत न्यायालयात जा, म्हणाले.

"म्हणजे नवरा माझा, आणि बोलायचं मी कुठेच नाही?" सिऊ खिम जिन्यातच ओरडली. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य तिच्या फोटोखाली पेपरात आलं. मग लोक मेणबत्त्या घेऊन कोर्टाबाहेर उभे राहिले. अनोळखी बायका येऊन तिचे हात धरू लागल्या. बून कियात बर्फात पडून होता, त्याला नऊ दिवस झाले.

आणि दहाव्या दिवशी कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं घडलं. शरियत न्यायाधीशांनीच निरोप पाठवला. "बाईंना बोलवा. सगळा जन्म तिने त्याच्याबरोबर काढलाय. तिचं ऐकल्याशिवाय मी ठरवू कसं?"

सिऊ खिम डोक्याला रुमाल बांधून गेली.

धर्मखात्याने एक कागद पुढे केला. सही बून कियातची असावी असं दिसत होतं. साक्षीदार दोन, त्यातला एक वारलेला. उरलेला म्हणजे मशिदीत धर्म शिकवणारे म्हातारे उस्ताद झुबीर.

"तो आपण होऊन आला होता," उस्ताद म्हणाले. "इथे मन शांत होतं, म्हणाला."

"घरी सांगितलं होतं त्याने?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सांगेन म्हणाला होता. बायको मनाची मोठी आहे, म्हणायचा."

सिऊ खिमने मान खाली घातली.

खात्याचा वकील तिच्याकडे वळला. "शुक्रवारी दुपारी दुकान बंद का असायचं?"

"जेवून झोपायचे. सत्तरीच्या माणसाने झोपू नये होय?"

मागे कुणीतरी हसलं. मग रस्सेवाला आ पियाऊ उभा राहिला, धुतलेला शर्ट घालून.

"दर रविवारी सकाळी आठला यायची दोघं. खांबामागचं टेबल ठरलेलं. दोन वाडगे बाक-कुट-ते, दोन भात. तीस वर्षं झाली, एक रविवार चुकला नाही."

"हा रस्सा डुकराच्या मांसाचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्याकडे दुसरं काही मिळतच नाही, साहेब."

"आणि तो खायचा? गेल्या आठ वर्षांतही?"

"दोन्ही वाडगे चाटूनपुसून रिकामे! मीच उचलायचो की. काका काडीसारखे, त्यांच्या अंगी काही लागायचं नाही. आंटीच सुटत गेल्या."

न्यायाधीशांनी अर्धा तास घेतला. मग म्हणाले, "एका कागदावरून माणूस ठरत नाही, तो जगला कसा यावरून ठरतो. हा मनुष्य मुसलमान म्हणून मेला, हे सिद्ध झालेलं नाही. देह पत्नीच्या स्वाधीन करावा."

पुष्पलीलाने तिला मिठी मारली. बाहेर कॅमेरे होते, घोषणा होत्या. कुणीतरी म्हणालं, आज धर्मस्वातंत्र्य जिंकलं.

पायऱ्यांवर उस्ताद झुबीर थांबले होते.

"बाई, शेवटी काही म्हणाला का तो?"

"नाही. झोपेतच गेले."

उस्तादांनी छातीवर हात ठेवला आणि सावकाश पायऱ्या उतरून गेले.

अंत्ययात्रेला सारा बाजार लोटला. कागदी मोटार जळाली, कागदी घर जळालं. रंगाऱ्याने बून कियातचं नाव सोनेरी केलं. शेजारच्या आपल्या लाल नावावरची धूळ तिने रुमालाने पुसली आणि कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं.

रविवारी आठ वाजता ती खांबामागच्या टेबलावर जाऊन बसली. आ पियाऊने न विचारता दोन वाडगे आणले, एक रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"काकांचा, माझ्याकडून," म्हणाला आणि डोळे पुसत चुलीकडे गेला.

सिऊ खिमने आपला वाडगा संपवला. खांबाआडून एकदा चुलीकडे पाहून घेतलं. मग नवऱ्याचा वाडगा पुढ्यात ओढला आणि तोही खायला लागली, गेली आठ वर्षं दर रविवारी खात आली होती तसा.