जुनी गाडी

बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन गरम होतं, म्हणून तो अर्धा तास थांबला. तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडलं तर तडा जातो. मग त्याने बॅटरीवर पिशवी बांधली, कोपऱ्यांतला तेलकट मळ जुन्या टूथब्रशने काढला, पाणी जेमतेम शिंपडलं आणि मऊ फडक्याने टिपून घेतलं.

कुंपणापलीकडून शेजारी म्हणाले, "तळहाताच्या फोडासारखी जपतोस रे गाडी!"

"जुनी आहे ना, काका. धसमुसळेपणा सोसत नाही तिला आता."

शेजारी घरात गेले. त्याने वडिलांना दंडाला धरून बाहेर आणलं, गाडीशेजारी स्टुलावर उघडं बसवलं आणि नळी पूर्ण सोडली.

"अरे, फार गार आहे रे पाणी..."

"रात्री गादी ओली करताना नाही वाजली थंडी? डोळे मिटा."