दोन पडलेले अल्बम

"हस की जरा! छाप्याला चाललोय आपण, मयताला नाही," दयानंदअण्णा म्हणाले.

सुखदाने दात दाखवले. पेपरच्या फोटोग्राफरने लगेच फोटो मारला. चिकपेटच्या बाजारातल्या गल्लीत जीप शिरेना, म्हणून सगळी वरात पायीच निघाली होती. पुढे इन्स्पेक्टर, मागे दोन पोलीस, मग कॅसेट कंपनीचे मालक दयानंदअण्णा, मग फोटोग्राफर, आणि सगळ्यात शेवटी साड्यांचे गठ्ठे चुकवत आपली पॉपस्टार सुखदा. चंदेरी जॅकेट घालून. भर दुपारी! अण्णांचा हुकूमच होता. अल्बमच्या कव्हरवर जे जॅकेट आहे तेच घालून ये, म्हणाले, म्हणजे फोटोत उठून दिसेल.

एक बाई बोट दाखवून मैत्रिणीच्या कानात काहीतरी बोलली. सुखदाला वाटलं, झालं, जॅकेटला हसतायत.

कारण ओळखणार कोण? एकोणीस वर्षांची मल्लेश्वरमची पोरगी, दोन अल्बम आले, दोन्ही पडले. पहिला 'स्कूटर राणी'. दुसरा 'स्वल्प डान्स'. कन्नड गाणी, मधेच इंग्लिश, एका गाण्यात तर चक्क लेझीम. मस्त होते हो! पण अण्णा म्हणाले, पडले. म्हणजे पार आडवे. "तुझ्या पॉपने माझं गोडाऊन भरलंय. कंपनी चालते ती माझ्या देवाच्या कॅसेटींवर," असं ते प्रत्येक भेटीत ऐकवायचे. तिसऱ्या अल्बमची सगळी गाणी तयार होती. अण्णांनी ऐकलीसुद्धा नाहीत. गेल्या आठवड्यात सरळ सांगून टाकलं, "आता पुरे. कुठंतरी नोकरी बघ, बाळा."

तिने बघितली. होसकोटेच्या एका कारखान्यात, टायपिस्टची. सोमवारपासून. रडून झालं होतं, डबासुद्धा विकत आणून झाला होता. आजचा छापा म्हणजे अण्णांचा शेवटचा उपकार. त्यांच्या भक्तिगीतांच्या चोरट्या कॉप्या इथे निघतात अशी खबर होती, आणि पेपरात फोटो यायचा तर सोबत एखादी गायिका हवी. भक्तिगीतं गाणाऱ्या बाईंचे गुडघे दुखत होते. म्हणून ही.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दुकानदार नागनाथ, मूळचा बिदरकडचा, चहा पीत बसला होता. पोलिसांना बघून पळाला वगैरे अजिबात नाही. "या, बसा," म्हणाला. बसायला जागा कुठे होती!

पोलिसांनी पहिलं खोकं फोडलं. 'स्कूटर राणी'. दुसरं फोडलं. 'स्वल्प डान्स'. तिसरं, परत 'स्कूटर राणी'. खोक्यांवर खोकी, पार छतापर्यंत, आणि प्रत्येक कव्हरवर सुखदा, त्याच चंदेरी जॅकेटमध्ये. फक्त छपाई इतकी भिकार की तोंड वांग्यासारखं जांभळं. आणि अण्णांच्या देवाची कॅसेट? औषधाला नाही.

"भक्तिगीतं कुठं आहेत?" अण्णा ओरडले.

"ती कोण घेतंय, अण्णा?" नागनाथने कप खाली ठेवला. "जे खपतं त्याचीच कॉपी मारतो आम्ही. न खपणारं कोण कॉपी करील? वेड लागलंय काय?" मग त्याची नजर जॅकेटवर गेली आणि तो उठून उभाच राहिला. "अय्यो! अक्का, तुम्हीच काय त्या? माझ्या पोरी तुमच्या गाण्यावर नाचून नाचून घर डोक्यावर घेतात की हो!"

सुखदाच्या हातात जांभळी सुखदा. तिने ती उलटून बघितली, सुलटून बघितली. मग अण्णांकडे बघितलं. अण्णा पंख्याकडे बघत होते.

इन्स्पेक्टर मात्र वैतागले. उन्हातान्हात चालत आले ते एवढ्यासाठी? "अहो, ही मुलगी कोण? हा काहीही बोलेल, पण हिच्या खऱ्या कॅसेटी घेतं कोण? मग तुमचं नुकसान ते काय झालं? किरकोळ आहे सगळं. ताकीद देतो आणि सोडतो." पंचनामा लिहिणाऱ्या पोलिसाने पेनाला टोपणही लावलं.

सोडतो? पेपरवाल्यासमोर? अण्णांचं डोकंच फिरलं.

"किरकोळ?" ते असे सुटले की थांबायला तयार नाहीत. "सर, घराघरात वाजते ही पोरगी! हुबळी म्हणू नका, मंगळूर म्हणू नका, माल दुकानात पोचतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो! पुरवता पुरवता माझ्या नाकी नऊ आलेत! अहो, तिसऱ्या अल्बमसाठी दुकानदार माझ्या दारात धरणं धरून बसलेत, सर, धरणं!"

नागनाथ गालातल्या गालात हसला. अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि मान हळूहळू, अगदी हळूहळू सुखदाकडे वळली.

सुखदाने जॅकेटच्या बाह्या वर सारल्या आणि ती पंचनामा लिहिणाऱ्या पोलिसाकडे गेली.

"सर, अण्णा आत्ता जे बोलले ते सगळं लिहून घ्या ना, तिसऱ्या अल्बमचं तर नक्की," ती म्हणाली, "आणि खाली त्यांची सही घ्या."