मागच्या दारापलीकडे

धाकट्याचा हात रंध्यावर होता आणि लक्ष मागच्या दाराकडे. दादा नुकताच त्या दारातून बाहेर गेला होता.

धाकट्याला स्वतःचंच कळेना. सिगरेट सोडून बरेच महिने झाले होते. खोकला गेला होता, जिना चढताना धाप लागत नव्हती. पूर्वी नाक मुरडून पळणारी लेक आता खुशाल गळ्यात पडत होती. सासूबाईंनीसुद्धा चारचौघांत कौतुक केलं होतं. याहून आणखी काय हवं? पानाच्या दुकानासमोरून जाताना त्याचं मन जराही डळमळत नसे. मग दादा उठून बाहेर गेला की जीव असा कासावीस का व्हायचा?

कारखान्यात पॉलिश आणि थिनरचे डबे, त्यामुळे आत काडी ओढायची सोय नव्हती. दोघे भाऊ इतकी वर्षं मागच्या अंगणात, दोन पालथ्या खोक्यांवर बसून सिगरेट ओढायचे. सोडल्यापासून धाकट्याने त्या दाराचं नावच टाकलं होतं. विषाची परीक्षा कशाला घ्या, असा त्याचा हिशेब. दादाही हल्ली घुम्यासारखा वागायचा. कामापुरतं बोलायचा, तेही लाकडाकडे बघून. आपण सुटलो याचा त्याला राग आला असावा, असं धाकट्याने ठरवून टाकलं होतं.

आज धाकट्याच्या हातून कपाटाचं दार आखूड कापलं गेलं. दोनदा मापूनही. दादाने चकार शब्द काढला नाही, फळी भिंतीला टेकवली आणि बाहेर गेला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

धाकट्याने रंधा खाली ठेवला. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, स्वतःची लाज वाटली, आणि तरी त्याने दार ढकललं. एकच ओढायची, त्याने मनाला बजावलं, आणि परत कामाला लागायचं.

दादा आपल्या खोक्यावर बसला होता. अंगणभर भुसा पसरला होता, पण समोरचं रिकामं खोकं स्वच्छ पुसलेलं होतं.

"दादा, एक दे."

"कुठून देऊ? तू सोडलीस त्याच आठवड्यात मीही सोडली. एकट्याने ओढायला मजाच येईना."

धाकट्याने त्याच्या हातांकडे पाहिलं. दादाच्या हातात काहीच नव्हतं.

"मग रोज इथे येऊन करतोस तरी काय?"

दादाने समोरचं खोकं पायाने पुढे सरकवलं.

"तुझी वाट बघतो."